वाडा सोडताय? मैत्रिणींना शेवटी बोलवा, भांड्यांवरची नावं आधी वाचा

जुन्या नाशकातलं घर सोडायचं ठरलं की सल्ला देणारे पायलीला पन्नास भेटतात. "वर्षभरात हात लागला नाही ती वस्तू सरळ टाकायची." "तीन ढीग करा, ठेवायचं, द्यायचं, फेकायचं." "चार जणींना बोलव, एका दिवसात घर रिकामं." हे तिन्ही सल्ले मी ऐकले होते आणि पाळलेही होते. तिन्ही चुकीचे निघाले.

तिवंध्याजवळचं आमचं घर आम्ही २०११ मध्ये सोडलं आणि इंदिरानगरला आलो. तेव्हापासून शाळेतल्या आम्ही सहा मैत्रिणींनी कोणाचं माहेर, कोणाचं सासर, एकीच्या एकट्या राहणाऱ्या आत्याचं बिऱ्हाड अशी नऊ घरं मिळून हलवली. खोकी, सुतळी, जुन्या चादरी, जाड पेन हे तुम्ही जमवालच, त्यावर लिहीत नाही. जिथे माझं चुकलं आणि जिथे नऊपैकी सात घरांत रडारड झाली, त्यावरच जास्त लिहिते.

दिवस कोणता धरावा

पावसाळा नको. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर चढलं ते बघत बसायची वेळ येते, आणि सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजार हा भाग लवकर पाण्यात जातो. २०१६ आणि २०१९ चा ऑगस्ट ज्यांनी तिथे काढला त्यांना हे वेगळं सांगायला नको. बुधवारी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, बाजार भरतो, त्या बाजूच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने दगडी हौद, उघडतात, तेव्हा तिवंधा, दहीपूल, शनि चौक विसराच. सिंहस्थाच्या पर्वण्यांचे दिवसही टाळा. दसरा आणि अक्षय्य तृतीया मुहूर्त म्हणून उत्तम, पण त्या दिवशी प्रत्येकालाच गाडी हवी असते. पितृपक्षात घरातली मोठी माणसं जायला तयार नसतील तर वाद घालू नका, ते पंधरा दिवस बांधाबांध करा. आमचा अनुभव विचाराल तर डिसेंबर-जानेवारीतला शनिवार सगळ्यांत बरा. दुसऱ्या दिवशी रविवार मिळतो आणि थंडीत ओझ्याचं काम जमतं.

कागद

कागदांची पिशवी सगळ्यांत आधी बाजूला काढा आणि एकाच माणसाच्या ताब्यात द्या: खरेदीखत, मिळकत पत्रिका, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, वाटणीपत्र. वाड्यात तुम्ही भाडेकरू असाल तर जुन्या भाडेपावत्या जिवापाड जपा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० ला, आणि तुम्ही भाडेकरू आहात हे दाखवायला त्या पिवळ्या पडलेल्या पावत्याच कामाला येतात. नव्या इमारतीत जागा देतो असं तोंडी सांगणाऱ्याच्या हातात किल्ली देऊ नका. करार लेखी, नोंदणी केलेला, आणि वकिलाने वाचलेला हवा. आधी करार, मग किल्ली. एका मैत्रिणीच्या काकांनी उलटं केलं आणि पुढची सहा वर्षं ते दुसऱ्यांच्या घरात भाडं भरत राहिले.

मोडी लिपीतले कागद सापडले तर "कोणाला वाचता येतंय" म्हणून रद्दीत घालू नका. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत आणि तो कागद जागेचाच असू शकतो. कुटुंबात कोणालाच नको असेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत विचारा. १९१० पासून ते असल्या कागदांचंच काम करत आहेत.

माळा आणि भांडी

आता अवघड कामाकडे येते. आमच्या माजघरावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माळा होता. त्यावर बंब, घंगाळ, दोन हंडे, कळशा, परातींची चळत, पंगतीची तपेली, ओगराळी, लामणदिवे. मला वाटलं, सगळ्यांत सोपं काम हेच. यातलं काहीच वापरात नाही, फ्लॅटमध्ये जागा नाही, तांब्या-पितळेला पैसे चांगले येतात. एका सोमवारी आई कपालेश्वराला गेली तेव्हा मी चौघी मैत्रिणींना बोलावून घेतलं. तीन तासांत माळा रिकामा झाला. मोडीवाला हातगाडी घेऊन आला, चौकात काटा लावला. गोणीत जास्त मावावं म्हणून तो प्रत्येक भांडं आडवं ठेवून हातोडीने चेपत होता. एकेका घावाला लोटीचं पोट आत जायचं आणि काठ वाकडे व्हायचे. मी पैसे मोजून घेतले.

आई दुपारी आली. रिकाम्या माळ्याकडे बघून तिने एवढंच विचारलं, "दादाचा गडू कुठे ठेवलास?"

तिच्या लग्नात तिच्या थोरल्या भावाने दिलेला तो गडू. मी जन्मायच्या आधीच मामा गेला, मी त्याला कधी पाहिलं नाही. गडूवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, "चि. सौ. कां. कमल हिस दादाकडून, १२-५-६५". मी तशीच भांडी बाजारात धावले. गोणी दुपारीच पुढे गेली होती. घरी येऊन आईला सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "नाव तरी वाचायचं होतंस."

म्हणून सांगते, तीन ढिगांची पद्धत जुन्या घराला चालत नाही. ठेवायचं की टाकायचं हा प्रश्नच तिथे चुकीचा आहे. आपल्याकडे लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात दिलेल्या भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. दुकानदारच विचारायचा, "नाव घालायचं ना?" म्हणजे माळ्यावरचं अर्ध्याहून अधिक सामान कोणीतरी कोणालातरी दिलेलं असतं. तेव्हा वस्तू हातात घेऊन विचारायचं ते "हे कोणाचं?" असं. "हे ठेवायचं का?" विचारलंत तर ऐंशी वर्षांची बाई प्रत्येक डब्याला "असू दे" म्हणेल, आणि तिचं काही चुकत नाही. "हे कोणाचं?" विचारलंत तर तीच सांगते, "हे तपेलं मालेगावच्या मावशीचं, तिच्या सुनेला द्या. ही परात आपण जुन्या बाजारातून आणलेली, ती गेली तरी चालेल." नऊच्या नऊ घरांत मी हे पाहिलं आहे.

हे काम निदान दोन महिने आधी सुरू करा. रोज संध्याकाळी एक तास, एका वेळी एकच फडताळ किंवा माळ्याचा एक कोपरा. त्यापुढे जाऊ नका. तासाभराने माणूस थकतो आणि थकलेल्या माणसाला सगळंच नकोसं होतं. मग त्या क्षणी दिलेल्या वस्तूंची हळहळ नंतर वर्षानुवर्षं राहते. जड भांडी आदल्या दिवशीच कोणा तरुण मुलाकडून खाली काढून ठेवा. म्हाताऱ्या माणसाला शिडीवर चढू देऊ नका, आणि शिडीखाली उभं करून वरून वस्तू दाखवूही नका. खिडकीजवळ खुर्ची, समोर पाट, हातात एक भांडं.

नावं काठाच्या खाली, पोटावर किंवा ताटाच्या मागच्या बाजूला असतात, आणि काळवंडलेल्या पितळेवर समोरून दिसत नाहीत. मोबाइलचा उजेड एका बाजूने तिरपा पाडा, ठिपके उठून येतात. तरीही लागलं नाही तर तेवढ्याच जागी चिंचेचा कोळ लावा, पुसा, कोरडं करा आणि वर चिमूटभर रांगोळी फिरवा. पांढरी पूड ठिपक्यांत बसते आणि अक्षरं वाचता येतात. पूर्ण भांडं घासत बसू नका, दोन महिने पुरणार नाहीत.

मैत्रिणींपैकी या कामाला एकच हवी, आणि तिने फक्त लिहायचं. लेकीने किंवा सुनेने लिहायला बसू नये, हे माझं ठाम मत. आई-लेकीचं दहाव्या मिनिटाला वाजतं, कारण लेकीला घाई असते आणि आईला ते कळतं. बाहेरची बाई "अगं बाई, हे कोणी दिलं?" असं विचारते तेव्हा उत्तर सरळ येतं. आमच्याकडे गडूनंतर शुभा येऊन बसायची. तिने दोनशे पानी वही घातली आणि त्यात रकाने आखले: वस्तू, कोणाची, कुठे जाणार, कोण नेणार, कधीपर्यंत. शेवटच्या रकान्यावाचून वहीला अर्थ नाही. नातेवाइकांना फोन करा, नाव वाचून दाखवा आणि तारीख सांगा. "असू द्या तुमच्याकडेच, नंतर नेतो" हा नकार समजावा. तोंडावर विचारा, "म्हणजे आम्ही देऊन टाकलं तर चालेल ना?" आणि "हो" आलं की तसं वहीत लिहा. पुढे दिवाळीत "आजीचा बंब कुठे गेला" असं कोणी म्हटलं की पान उघडून दाखवता येतं.

भावंडांत एकाच वस्तूवर दोघांचा जीव असेल तर निकाल आईवर सोपवू नका. तिच्या तोंडून एकाचं नाव वदवून घेणं क्रूरपणाचं आहे. सगळ्यांत धाकट्यापासून सुरुवात करून पाळीपाळीने एकेक वस्तू उचला. हे घर हलवण्याच्या आधीच्या महिन्यात उरका. शेवटच्या आठवड्यात वाटणी काढली की भांडणं हमखास होतात, कारण तेव्हा सगळ्यांचीच झोप उडालेली असते.

मोडीत द्यायचं जे उरेल ते तांबं, पितळ आणि कासं असं वेगळं करा. तिघांचे भाव वेगळे, आणि एकत्र गोणीत घातलं की सगळं स्वस्तातल्या धातूच्या भावाने जातं. काशाची वाटी नखाने टिचकी मारली की घंटेसारखी वाजत राहते, पितळेची तितकी वाजत नाही. कासं कडक असतं, हातातून फरशीवर पडलं तर तडकतं, तेव्हा जे ठेवणार असाल ते कापडात गुंडाळा. लोखंडी कड्या आणि बंबातल्या जाळ्या आधी काढून ठेवा, नाहीतर घट म्हणून वजन कापलं जातं. दोन दुकानांत भाव विचारा. तोल पूर्ण होऊन तुम्ही शेवटचं एकदा नावं बघेपर्यंत हातोडी चालवू देऊ नका. मी आता काट्याजवळ स्वतः उभी राहते.

जुन्या साड्या बोहारणीला द्या, पण प्रत्येक घडी उलगडून झटका. शुभाच्या सासूबाईंच्या नऊवारीतून पोस्टाचं पासबुक पडलं होतं. फोटो असतील तर ते कोणाचे हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर मागे नावं लिहून घ्या. मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनची रेघ पुढून उमटते. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट ठेवा.

आणि एक ट्रंक, फक्त एकच, "थांबा" म्हणून राखा. ज्याचा निर्णय होत नाही ते त्यात. ट्रंक भरली की नवीन वस्तू घालण्याआधी आतली एक बाहेर काढायची. नव्या घरी सहा महिन्यांनी ती उघडा. तेव्हा बहुतेक गोष्टी सहज सुटतात.

देवघर

टाक आणि मूर्ती गाडीत चढवू नका, कोणाच्या तरी मांडीवर जाऊ द्या. जुन्या घरातून शेवटी निघतील आणि नव्या घरात पहिल्यांदा शिरतील. भंगलेले देव आणि तसबिरी गोदावरीत सोडणं किंवा पिंपळाच्या पारावर ठेवून येणं मला अजिबात मान्य नाही. गंगेची अवस्था आपण रोज बघतो. तसबीर उघडा, काच आणि चौकट वेगळी करा, कागद बादलीभर पाण्यात भिजवून त्याचा लगदा झाडाच्या मुळाशी घाला. आईनेही ते हात जोडून केलं.

प्रत्यक्ष हलवायचा दिवस

आता मैत्रिणींना बोलवा. त्या दिवशी एकही निर्णय बाकी असता कामा नये. "हे कुठे ठेवू?" याचं उत्तर खोक्यावर लिहिलेलं हवं. सहा जणी पुरतात, दहा आल्या तर दारात गर्दी होते. एक जिन्याजवळ, एक गाडीजवळ खोकी मोजायला, दोघी आतून देणाऱ्या, एक नव्या घरी आधीच पोहोचलेली. आणि सहावी आईजवळ बसेल, दुसरं काही करणार नाही. ही जागा सगळ्यांत शांत मैत्रिणीला द्या. तिने आईला गप्प करायचं नाही, धीरही द्यायचा नाही. चहा द्यायचा, आई उठून एखाद्या खोलीत गेली तर मागोमाग जायचं. मैत्रिणीच्या त्या एकट्या राहणाऱ्या आत्याच्या घरी आम्ही ही जागा रिकामी ठेवली, आणि आत्या मागच्या पडवीत एकट्याच तासभर उभ्या होत्या हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

छोटा हत्ती ठरवत असाल तर त्याचा हौदा जेमतेम सात फूट, वजन साधारण साडेसातशे किलो. वाड्याच्या सामानाला दोन-तीन खेपा होतात, पिकअप मिळाली तर बरं. अरुंद गल्ल्यांत दोन्ही शिरत नाहीत, म्हणून गल्लीच्या तोंडापर्यंत हातगाडी लागते. ती आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा आणि गल्लीतल्या दुचाक्या हलवायला शेजाऱ्यांनाही त्याच वेळी सांगा.

लोखंडी कपाट मैत्रिणींनी उचलायचं नाही. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद कपाट वाड्याच्या जिन्यातल्या झडपेतून वळत नाही. ते माडीवर कसं चढलं हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. बहुतेक वेळा गॅलरीतून दोराने चढलेलं असतं, आणि तिथूनच उतरतं. फळ्या आणि लॉकर रिकामं करा, दारं दोराने बांधा, किल्ली काढून कागदांच्या पिशवीत टाका आणि जाणकार हमाल बोलवा. हमालदादांची मजुरी आधी ठरवा आणि त्यांना घरच्यांबरोबरच जेवायला वाढा.

फ्रिज उभाच न्या आणि नव्या घरी काही तास थांबून चालू करा. गॅसचा रेग्युलेटर आदल्या रात्री काढा. सकाळी मिसळ मागवा, दुपारी मुगाची खिचडी, ती शेजारणीच्या घरून आली तर उत्तम. शेजारणीही जायच्या दिवशी काहीतरी करू बघत असतात, त्यांना ते करू द्या.

निघताना

वीज मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. जोडणी बंद करणार असाल तर शेवटचं बिल भरून अनामत रक्कम परत मागा, ती तुमचीच असते. नळ बंद, गच्चीचं दार बंद. मग दोघींनी मिळून सगळ्या खोल्या फिरा आणि कोनाडे, दाराच्या चौकटीवरची फळी, जिन्याखालची जागा आणि जात्यामागचा कोपरा हाताने चाचपा. आम्हाला आमच्या कोनाड्यात आजोबांचा अडकित्ता मिळाला. मतदार यादीतला पत्ता नमुना ८ भरून बदला. गॅस, बँक, रेशनकार्ड पहिल्या महिन्यात उरका, नंतर राहून जातं.

त्याच किंवा पुढच्या रविवारी मैत्रिणींना नव्या घरी बोलवा. दोर, गोण्या, चादरी ज्यांच्या त्यांना परत करा आणि स्वयंपाकघराची खोकी त्यांच्याबरोबरच उघडा. त्यांनीच भरलेली असतात, कशात काय आहे हे त्यांना पाठ असतं.

वही मात्र रद्दीत घालू नका. आमची आईच्या कपाटात आहे. आई अजून मधूनच विचारते, "ते मोठं घंगाळ कोणाकडे गं?" मी पान उघडून वाचते, "घंगाळ, आत्याच्या सासरचं, सिन्नरला गेलं, नातू येऊन घेऊन गेला." मग ती स्वतः दोन-चार पानं उलटते. पहिल्या पानावर शुभाच्या अक्षराच्या वर माझ्या अक्षरात एक ओळ आहे, "दादाचा गडू, १२-५-६५, माझ्या हातून मोडीत गेला." शुभा म्हणाली होती, ती लिहायची गरज नाही. आई म्हणाली, "लिही. होता, एवढं तरी राहील."